नावाच्या चौकटीत ४१७२

“निंबादादा, हा चार-एक-सात-दोन कोण?”

निंबादादा भौतिकशास्त्राच्या पुस्तकात डोकं खुपसून बसला होता. त्यानं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. हे सगळं जरा जास्तच झटकन झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

“मला काय माहीत? तुझा गेम, तुझी माणसं,” तो म्हणाला.

डिसेंबरातला रविवार होता. आई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती, बाबा खाटेवर पेपर उलगडून बसले होते. नाशिकच्या सिडकोतलं आमचं दोन खोल्यांचं घर. त्यात टीव्हीपुढे मांडी घालून मी, वैजयंती खैरनार, इयत्ता दहावी, हातात रिमोट घेऊन बसले होते आणि रागानं माझे कान तापले होते.

गेम होता चाकाच्या फळीवरून कसरती करण्याचा. खोक्यावर त्याचं इंग्रजी नाव भलं लांबलचक होतं, आमच्या घरात त्याला नुसतं ‘फळी’ म्हणत. फळीचे पुढे खूप भाग आले. मी ते सगळे खेळले. एका भागासोबत तर खरीखुरी फळी विकली, तिच्यावर उभं राहून खेळायचं. मी तेव्हा पंचविशीतली, तरी पाठीत उसण भरून दोन दिवस आडवी होते. पण माझं मन बसलं ते तिसऱ्या भागावर. बाबांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा शिकायला परगावी गेला, त्याचा गेमचा जुना डबा बाबांनी आदल्या वर्षीच्या दिवाळीला घरी आणला, त्यात हीच तबकडी होती.

खेळ सुरू करताना आधी आपला खेळाडू बनवायचा. कपडे, केस, चेहरा आपण ठरवायचा आणि एका चौकटीत त्याचं नाव लिहायचं. आमच्या घरात एकच खेळाडू होता. लाल टोपीवाली वैजू. चाचणी परीक्षेमुळे तीन रविवार मी डबा लावला नव्हता, आणि आता तिच्या खाली दुसरा कुणीतरी उभा होता. निळा शर्ट, निळी पँट, डोक्यावर काही नाही आणि ओठावर चक्क मिशी. फळीवरच्या माणसाला मिशी मी जन्मात पाहिली नव्हती. नावाच्या चौकटीत लिहिलं होतं ४१७२.

मी त्याचं पान उघडलं. सर्वांत मोठी खेळी, शून्य गुण. पाहिलेल्या जागा, अकरापैकी एक. ती जागा म्हणजे गोदाम, अगदी सुरुवातीची, जी मी पहिल्याच दिवशी पार करून टाकली होती. आणि खेळलेला वेळ, एकतीस तास.

एकतीस तास. मला आठवड्याला दोन तास मिळायचे, तेही रविवारी, तेही आईच्या तोंडाकडे बघत. माझी दहावी आणि निंबादादाची बारावी, म्हणून आईनं फर्मान काढलं होतं की रविवार सोडून डबा कपाटावरून खाली उतरला तर भंगारात जाईल. आणि इथं कुणीतरी ढ माणूस माझ्या डब्यावर एकतीस तास नुसता हुंदडला होता.

निंबादादा म्हणजे आप्पांचा, बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. आजोबांचं नाव त्याला ठेवलेलं, त्यावरून कॉलेजातली पोरं चिडवायची आणि तो हसून सोडून द्यायचा. सटाण्याजवळच्या आमच्या गावाहून आप्पांनी त्याला जूनमध्ये आमच्या हवाली केलं होतं. “इंजिनिअरिंगला लागला पाहिजे, मग तुम्ही म्हणाल ते,” असं बाबांना म्हणाले होते. गावात चांगला क्लास नव्हता, चांगले मास्तर नव्हते. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखालची सतरंजी ही त्याची जागा, आणि तेवढ्या जागेवर आप्पांच्या घरानं सगळी भिस्त ठेवलेली.

मी तेव्हाच काही बोलले नाही. संशय घ्यायची मला लहानपणापासून खोड आहे, आणि चांगला संशय पिकू द्यावा लागतो, हे मला तेव्हाही कळत होतं. आज मी एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकते. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. पण माझी पहिली चौकशी ही, आणि ती मी मोठ्या हौसेनं केली.

दुपारी घरात कोण असतं, इथून मी सुरुवात केली. बाबा पहिल्या पाळीला, सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर पडायचे ते चारला परत. आई एका दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसायची, दहा ते सहा. माझी शाळा सव्वाबारा ते पावणेसहा. निंबादादाचं कॉलेज साडेबाराला सुटायचं. घराच्या किल्ल्या दोन, एक आईकडे, एक निंबादादाकडे; मी शाळेला निघताना कुलूप नुसतं दाबून लावायची. बाबांना किल्लीची गरज नव्हती, ते यायच्या वेळी निंबादादा घरात असायचाच. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तरी मी साक्षीदार गाठला. शेजारच्या जोंधळेमावशी जिन्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

“मावशी, दुपारी आमच्याकडून टीव्हीचा आवाज येतो का हो?”

“येतो ना. रोज येतो. खर्रर्र, खर्रर्र, लाकडावरून काहीतरी ओढून राहिलं असं वाटतं. मी म्हटलं निंबा काहीतरी कापतो-बिपतो का काय.”

त्या संध्याकाळी मी सहज विचारावं तसं निंबादादाला विचारलं, “दुपारी काय करतोस रे तू?”

“वाचनालयात बसतो. चारपर्यंत.”

“घरी येत नाहीस?”

“नाही.”

खोटं बोलला. मावशींना रोज आवाज येतो आणि हा म्हणे वाचनालयात. मग मी त्या आकड्याच्या मागे लागले. निंबादादा कॉलेजला जायचा त्या बसचा नंबर एकेचाळीस. त्याचा रोल नंबर बहात्तर. एकेचाळीस, बहात्तर. मी वहीच्या मागच्या पानावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि त्यांच्याभोवती गोल काढला. निंबादादाकडे बाहेर घालायचे दोनच शर्ट होते, त्यातला एक निळा. सुतावरून स्वर्ग कसा गाठावा, हे माझ्याकडून शिकावं.

एकच गोष्ट जरा खटकत होती. डबा कपाटावर ठेवलेला असायचा त्याची वायर फार नीट गुंडाळलेली असायची. सारखे वेढे, आणि शेवटचं टोक मधून काढून घट्ट ओवलेलं. निंबादादाला स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नसे. पण संशयी माणसाला सगळं सोयीचंच दिसतं. मी म्हटलं, चोर हुशार आहे, माग राहू नये म्हणून नीट ठेवतो.

पुढच्या रविवारी मी डबा लावला. ४१७२ चे तास एकेचाळीस झाले होते. मी उठून आईला हाक मारली.

आईचा आवाज कधी चढत नसे. ती चिडली की हळू बोलायची. पदराला हात पुसत ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. “निंबा, ही काय म्हणते ते खरं का?”

निंबादादा सतरंजीवरून उठून उभा राहिला. 

“मावशींनी आवाज ऐकलाय,” मी म्हणाले. “रोजचा. आणि हा वाचनालयात बसतो म्हणून सांगतो.”

“तुझ्याकडे किल्ली असते ना?” आई म्हणाली.

“असते, काकू.”

“दाखव.”

त्यानं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. “हरवली.”

“कधी?”

“झाले थोडे दिवस.”

“मग दुपारी कुलूप कोण उघडतं? भूत?” हे मी बोलले. मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता, म्हणून ते जसंच्या तसं लक्षात आहे.

बाबा खाटेवर बसले होते, हातात चहाचा कप. ते म्हणाले, “अगं, किल्लीचं असं आहे की…”

“काका.” निंबादादानं त्यांना मध्येच तोडलं. घरात बाबांना असं कुणी तोडत नसे. “चूक माझी आहे. तुम्ही नका मध्ये पडू.”

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या बशीत चहा सांडला होता, तो ते बोटानं पुसत राहिले. मला वाटलं, भावाच्या पोरासमोर लाज वाटली असेल.

“खेळलास याचं मला एवढं नाही,” आई म्हणाली. “पण किल्ली हरवली ते सांगितलं नाहीस. वाचनालयाचं खोटं सांगितलंस. उद्या काही झालं तर आप्पांना मी काय तोंड दाखवू? बारावीचं वर्ष आहे, मी पहारा देत बसू शकत नाही.”

निंबादादा म्हणाला, “हो, काकू.” एवढंच.

बुधवारी आप्पा आले. आईनं फोन केला होता. बाबा त्या दिवशी, “जादा पाळी आहे,” म्हणून अंधार पडेपर्यंत घरी आलेच नाहीत. आप्पांनी निंबादादाला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. पुस्तकांचं बोचकं त्यांनी स्वतः उचललं आणि जिन्यावरून उतरताना मला म्हणाले, “वैजे, चांगला अभ्यास कर हो.” निंबादादानं जाताना सतरंजीची घडी घातली. वाकडीतिकडी, कोपऱ्याला कोपरा न जुळवता. तेव्हा वायरीची आठवण मला व्हायला हवी होती. झाली नाही.

त्यानंतर दोन रविवार मी मुद्दाम ४१७२ चं पान उघडून पाहिलं. एकेचाळीस तास. पुन्हा एकेचाळीस तास. काटा तिथंच थांबला होता. मी आईला ते टीव्हीवर बोट ठेवून दाखवलं. “बघ, तो गेला आणि थांबलं.” आईनं मान हलवली. बाबा उठून गॅलरीत गेले. चौकशी इतकी चोख पुढे माझ्या नोकरीतही मला क्वचित जमली.

जानेवारीत मला ताप आला आणि शाळा बुडली. दुपारी दीडच्या सुमारास पोस्टमन आला. रजिस्टर्ड पत्र होतं, बाबांच्या नावाचं. मी सही करून घेतलं. लांबट खाकी पाकीट, कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का. पत्त्याच्या पहिल्या ओळीत बाबांचं नाव, आणि त्याच्या खाली टंकलेलं होतं: टोकन क्रमांक ४१७२.

मी ते चार आकडे कितीतरी वेळ वाचत होते. मग मी पाकीट फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये एवढी अक्कल होती, पण धीर नव्हता. त्यात लिहिलं होतं की तेवीस सप्टेंबरपासून आपली सेवा समाप्त करण्यात आली आहे, तरी आपण अद्याप ओळखपत्र व गणवेश जमा केलेला नाही.

तेवीस सप्टेंबर. साडेतीन महिने बाबा रोज सकाळी साडेसहाला निळा गणवेश घालून, आईनं भरलेला डबा घेऊन बाहेर पडत होते; पगार म्हणून आईच्या हातात साठवणीतले पैसे ठेवत होते, हे मागाहून कळलं.

मी कपाटावरून फळीचा डबा काढला. वायरीचे ते सारखे वेढे, मधून ओवलेलं टोक. बाबा सायकलच्या कॅरियरची दोरी अशीच गुंडाळत, पाण्याचा पाइप असाच. बावीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस कुठलीच वस्तू हातातून तशीच टाकत नाही. मी ४१७२ चं पान उघडलं आणि या वेळी खालपर्यंत वाचलं. गुणांच्या खाली एक ओळ होती, खेळाडू किती वेळा पडला त्याची. माझी वैजू सातशेच्या वर पडलेली होती. ४१७२ एकदाही पडला नव्हता.

तेव्हा मला आठवलं. दसऱ्याच्या सुमारास बाबा एका रविवारी माझ्या शेजारी येऊन बसले होते. “यात घड्याळाशिवाय नुसतं फिरता येतं का गं?” त्यांनी विचारलं होतं. मी वेळेची मर्यादा नसलेला खेळ दाखवला होता, आणि वर म्हणाले होते, “हे बावळटांसाठी असतं, बाबा.”

मी ४१७२ ला गोदामात सोडलं. उंच पत्र्याचं छप्पर, माल उतरवायचा धक्का, वर टांगलेला क्रेनचा आकडा, कोपऱ्यात रचलेली खोकी. मी तिथं शेकडो वेळा उड्या मारल्या होत्या आणि ती जागा कारखान्यासारखी आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

चारला बाबा आले. दार मी उघडलं. त्यांच्या चपलांना लाल माती होती. निंबादादा गेल्यापासून त्यांनी दुपारी घरी येणं सोडलं होतं, ते दिवसभर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी झाडाखाली बसून राहायचे, हे नंतर कळलं. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. फोडलेलं आहे हे त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. पाकिटाची घडी घालून डब्याच्या पिशवीत सरकवली आणि खाटेवर बसले.

“आईला मी सांगतो,” ते म्हणाले. “आज सांगतो.”

“निंबादादाला माहीत होतं?”

“पहिल्याच आठवड्यात. कॉलेजातून आला तर मी पायरीवर बसलेलो, दार बंद. त्यानं काही विचारलं नाही. कुलूप उघडलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मी चारपर्यंत वाचनालयात बसतो.” बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि टीव्हीवर ठेवली. “त्या रविवारी मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पोरगं मध्ये पडलं आणि मला बरं वाटलं, वैजू. बापाएवढा माणूस मी, मला बरं वाटलं.”

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “तुम्ही नावाच्या जागी आकडा का लिहिला?”

बाबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “त्यानं विचारलं ना, कोण म्हणून. गेटवर बावीस वर्षं तेच सांगत आलो.”

त्या रात्री बाबांनी आईला सांगितलं. आई अगदी हळू आवाजात बोलली आणि मग बोललीच नाही. रविवारी तिघंही आम्ही गावी गेलो, निंबादादाला परत आणायला. उशीर झाला होता. बारावीचा फॉर्म त्यानं तालुक्याच्या कॉलेजातून भरला होता, तिथलं प्रॅक्टिकलही सुरू झालं होतं. आप्पा म्हणाले, “असू द्या, आता कशाला धावपळ.” मार्चमध्ये त्यानं परीक्षा दिली. इंजिनिअरिंग सहा गुणांनी हुकलं.

निघताना मी त्याला गोठ्यामागे गाठलं होतं. “तू सांगितलं का नाहीस, दादा? मी तुला चोर ठरवलं.”

“सांगून काय झालं असतं?”

“तुझं वर्ष वाचलं असतं.”

त्यानं बैलापुढे पेंढी टाकली. “काकांना दुपारी बसायला तेवढीच एक जागा होती, वैजू. ती गेली असती.”

ती गेलीच होती. त्याची सतरंजी आणि बाबांची दुपार, दोन्ही मीच घालवल्या होत्या, आणि वर आईला टीव्हीवर बोट ठेवून पुरावा दाखवला होता. मी तिथंच शेणाच्या वासात उभी राहून रडले. निंबादादानं मला रडू दिलं. मला ते समजूत काढण्यापेक्षा जड गेलं.

याला आता वीस वर्षं होत आली. बाबांना पुढे एका लहान कारखान्यात काम मिळालं, तिथून ते निवृत्त झाले. निंबादादानं आयटीआय केलं. गावात त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की पंचक्रोशीतले लोक त्याच्याकडे येतात. त्या गोष्टीबद्दल तो कधी बोलला नाही, बाबाही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. फार तर ताटात एक पुरणपोळी जास्त वाढतात.

फळीचे जुने भाग कंपनीनं नव्यानं रंगवून, चकचकीत करून काढले, ते मी गेल्या वर्षी घेतले. दिवाळीला गावी जाताना सगळं बरोबर नेलं, निंबादादाच्या मुलीसाठी. आर्या आठवीत आहे. दुकानातच मागच्या बाजूला टीव्ही आहे, तिथं तिनं ते जोडलं. निंबादादा स्टुलावर बसून मोटारीत तांब्याची तार भरत होता. बाबा, आता शहात्तर वर्षांचे, खुर्चीत बसून तारेचे वेढे बघत होते.

“वैजूआत्या, हे गोदाम किती सोपं आहे,” आर्या म्हणाली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती बाबांकडे वळली. “आजोबा, तुमचा पण एक खेळाडू बनवते. शर्ट कुठला?”

“निळा,” बाबा म्हणाले.

“मिशी?”

“असू दे.”

आर्यानं मिशी लावली आणि हसली. पडद्यावर ती रिकामी चौकट आली.  निंबादादानं मान वर केली नाही, पण त्याचा हात मंदावला होता.

“आजोबा, नाव काय लिहू?”

बाबांनी तारेवरून नजर उचलून निंबादादाकडे पाहिलं. 

“निंबा लिही,” ते म्हणाले.